गाणं बघणारी मावशी

भोंगामावशीला कुणी विचारलं, की आयुष्यात गाण्याचे किती कार्यक्रम बघितले, तर ती बोटं न मोजता सांगते, तीन. आणि ऐकले किती असं विचारलं, तर जरा थांबून म्हणते, ऐकलं म्हणाल तर एकच कडवं.

लोकांना वाटतं मावशी थट्टा करते. पण थट्टा करायची असली की ती चेहरा एवढा गंभीर ठेवत नाही. खरं म्हणजे तिने एकतीस वर्षं कापडगिरणीत काढली, मागखात्यात. एका पत्र्याखाली तीनशे माग, आणि प्रत्येक मागाचा धोटा सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे आपटत असायचा. आत पाऊल टाकलं की छातीतलं हाडसुद्धा वाजायला लागायचं. अशा ठिकाणी घसा फोडून काय होणार? म्हणून मागखात्यात कुणीच ओरडत नसे. सगळे ओठांनी बोलायचे. आवाज नाही, नुसते ओठ, पण मोठे आणि सावकाश हलवलेले. समोरच्याने ते वाचायचे. नव्या मुलीला महिन्याभरात जमायचं आणि वर्षभरात ती इतकी तरबेज व्हायची, की मुकादम लांब खिडकीपाशी साहेबाच्या कानात काय सांगतोय, ते अख्ख्या खात्याला साहेबाच्या आधी कळायचं.

ही विद्या घेऊन बाया संध्याकाळी बाहेर पडायच्या, तेव्हा उलटा घोळ व्हायचा. दिवसभर मुक्याने बोलल्यावर बाहेर किती आवाजात बोलावं याचा अंदाजच राहायचा नाही. त्यात कान हळूहळू मंदावलेले, जसं काही कुणी दोन्ही कानांवर पातळ उशी धरली आहे. मावशी कुजबुजली की दोन मजले खाली ऐकू जातं. बिल्डिंगमधल्या कुणी तिला गुपित सांगितलं असेल तर चुकून, नाहीतर ते सगळ्यांना कळावं म्हणून मुद्दाम.

तर पहिला कार्यक्रम. मावशी तेव्हा बावीस वर्षांची होती, गिरणीत लागून चार वर्षं झाली होती. कान धड होते, पण आवाजाचा अंदाज गेलेला होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिघी मैत्रिणी वाचनालयाच्या सभागृहात गाणं ऐकायला गेल्या. तिघींनी केसांत सारखी फीत बांधली होती, कारण ती एकाच ताग्याच्या उरलेल्या तुकड्यातून फाडली होती. गाणारी बाई मोठी तयारीची होती. डोळे मिटून तिने एक लांब सूर धरला, धरला, आणि मग अलगद सोडून दिला. सगळे श्वास रोखून बसले. त्या शांततेत मावशी शेजारच्या मैत्रिणीला अगदी हळू, म्हणजे तिच्या मते अगदी हळू म्हणाली, “अगं, तो व्हायोलिनवाला झोपलाय बघ.”

व्हायोलिनवाला दचकून जागा झाला आणि घाबरून त्याने जे हाती लागलं ते वाजवलं. लोक हसले. पुढच्या रांगेतला एक किडकिडीत तरुण आपल्या मित्राच्या कानाशी लागला. एका बाजूने त्याचे अर्धेच ओठ दिसत होते, पण मावशीला तेवढे पुरले. तो म्हणत होता, “गिरणीचा भोंगा झाला वाटतं.”

मावशीने त्याच्या खांद्यावर टकटक केलं आणि म्हणाली, “भोंगा असेल, पण वेळेवर होतो.”

या वेळी गाणारी बाईसुद्धा हसली.

कार्यक्रम संपल्यावर तो तरुण दाराशी थांबून राहिला होता. माफी मागायची होती म्हणे. पाणीपुरवठ्यात मीटर वाचायचं काम करायचा. दारोदार जायचं, झाकण उघडायचं, आकडे वहीत उतरवायचे. बोलायची सवय कमीच. ‘तुम्हाला कसं कळलं मी काय म्हणालो ते?’ एवढं विचारायला त्याला तीन वळणं सोबत चालावं लागलं. सहा महिन्यांनी दोघांचं लग्न झालं, आणि नवऱ्यानेच ठेवलेलं ते नाव मावशीला कायमचं चिकटलं. तिला त्याचं वाईट वाटत नाही. देवाने काहीतरी कारणानेच व्हायोलिनवाल्याला झोप आणली असणार, असं ती म्हणते.

मीटरकाकांनाही हळूहळू ओठ वाचता यायला लागले. शिकवलं कुणी नाही, पण एका घरात राहिल्यावर दुसरा इलाज नव्हता. मावशी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहायची, काका खाली रस्त्यापलीकडे भाजीच्या गाडीपाशी. ती ओठांनी सांगायची, टोमॅटो कडक घ्या, भोपळा अर्धाच, आणि सुटे पैसे तपासा. काका मान डोलवायचे. भाजीवाल्याला बरेच दिवस वाटायचं की या गृहस्थांना काही आजार आहे, आकाशाकडे बघून होकार देत बसतात. घरात लेक आजारी असली, झोपलेली असली, की नवराबायकोचा सगळा संसार असा बिनआवाजी चालायचा. भांडणंसुद्धा. लेकीने पुढे सांगितलं, की लहानपणी तिला डोळे किलकिले करून पडून ती भांडणं बघायला फार आवडायची. तिलाही सगळं कळत होतं.

दुसरा कार्यक्रम मात्र झाला नसता तर बरं, असा.

काकांचा एक लाडका गायक होता. लाडका म्हणजे किती, तर कपाटाच्या दाराला आतून त्याचा फोटो. रोज शर्ट काढताना त्याचं दर्शन. आंघोळ करताना काका त्याची गाणी गुणगुणायचे. माणूस एरवी दिवसाला पन्नास शब्द बोलायचा, ते सगळे पाण्याबरोबर बाहेर पडायचे. तो गायक पहिल्यांदा त्यांच्या शहरात यायचा होता. काका तीन तास रांगेत उभे राहिले आणि पाचव्या रांगेतल्या दोन खुर्च्या मिळवून आले.

गायक चांगला गायला. मावशीही कबूल करते. तिसऱ्या गाण्याला काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. टाळ्या वाजत होत्या. गायकाने हात छातीवर ठेवला, मान लववली, तोंडभर हसला. आणि तसंच हसत हसत, माइकपासून तोंड वळवून तबलजीला काहीतरी म्हणाला. पाच रांगांवरून मावशीला ते छापल्यासारखं वाचता आलं.

टाळ्या थांबल्या तेव्हा ती काकांकडे झुकली आणि म्हणाली, “अहो, तो म्हणतोय, या मेंढरांना काय कळतंय, पुढची दोन कडवी गाळून टाक, मला लवकर निघायचंय.”

हे तिने पुन्हा हळू सांगितलं होतं. मागच्या दोन आणि पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. कुणीतरी शुकशुक केलं. गायकाने पुढचं गाणं सुरू केलं आणि त्यात खरंच दोन कडवी कमी निघाली. मावशीला तर जिंकल्यासारखं वाटलं. बघा, मी सांगितलं की नाही, अशा नजरेने तिने नवऱ्याकडे पाहिलं. काका मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होते.

घरी येऊन बूट काढताना काका म्हणाले, “तुला दिसलं ते खरंच असेल. पण मला सांगायलाच हवं होतं का?”

मावशीकडे उत्तर होतं, तिच्याकडे उत्तर नेहमी असतं. खरं ते खरं, त्यात लपवायचं काय? पण त्या दिवशी ते तिच्या तोंडून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी कपाटाच्या दारावर फोटोच्या जागी चिकटपट्टीचे चार कोपरे उरले होते. आणि आंघोळीला गेल्यावर आतून नुसतं पाणी ऐकू यायचं. मावशीच्या कानांना ते गुणगुणणं तसंही नीट कळत नसे. तरी ते थांबलं हे तिला पहिल्याच सकाळी कळलं.

ही गोष्ट घडून बावीस वर्षं झाली. मावशीने देवासमोर हात जोडताना कितीदा तरी म्हटलं असेल, की बाबा रे, माझ्या डोळ्यांना एवढं दिलंस, तर जिभेला एखादी खिट्टी का नाही दिलीस?

मधल्या काळात गिरणी सुटली, काकाही निवृत्त झाले. एक दिवस चहा पिताना ते सहज सांगावं तसं म्हणाले, की वाचनालयाच्या वरच्या खोलीत वयस्कर लोकांसाठी गाण्याचा वर्ग सुरू झालाय, मी नाव घातलंय. मावशीच्या हातातली बशी कलंडली. ती काही म्हणाली नाही. हा तिच्या दृष्टीने पराक्रमच होता.

वर्षभराने वर्गाचा कार्यक्रम ठरला. रविवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये, प्रत्येकाने एक गाणं म्हणायचं. काकांना तीन कडव्यांचं गाणं मिळालं. पहिल्यात नदी, दुसऱ्यात घरी परतणारी पाखरं, आणि तिसऱ्यात काय ते मावशीला माहीत नव्हतं. त्याचं कारण असं, की काका गॅलरीत जाऊन काचेचं दार लावून सराव करायचे. मावशी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता काचेतून बघायची. दोन महिन्यांत दोन कडवी तिला शब्दन् शब्द पाठ झाली. चाल ठाऊक नाही, सूर ठाऊक नाही, शब्द मात्र पक्के. पण तिसऱ्या कडव्यात एक उंच जागा होती. तिथे तोंड फार वेडंवाकडं होतं असं काकांना वाटायचं, म्हणून तिसरं कडवं आलं की ते पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करायचे. पाठ कुणाला वाचता येते?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी मावशीला समोर बसवलं. “ये तू. तिसऱ्या रांगेत जागा ठेवलीय. पण एक आवाज काढायचा नाही. कुणी झोपो, कुणी पडो, छत कोसळो. हॉलची शेवटची पायरी उतरेपर्यंत एक आवाज नाही.”

मावशीने देवाची शपथ घेतली. शपथ घेतानाच ती जरा मोठ्याने घेतली गेली, आणि खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईने जिन्यात विचारलं, काय हो, कसली शपथ?

रविवारी निघायच्या वेळी मावशीला काकांचा शर्ट पसंत पडेना. बाहीवर घडी पडली होती. तिने तो काढायला लावला, निळा घालायला दिला, आणि जुन्याच्या खिशातलं सगळं सामान काढून घेतलं. रुमाल, पेन, किल्ल्या. रुमाल आणि पेन निळ्या शर्टाच्या खिशात गेलं, किल्ल्या आणि उरलेलं तिच्या पर्समध्ये. मग काका पुढे गेले आणि मावशी शिलाईवालीला सोबत घेऊन मागून गेली.

शाळेचा हॉल उन्हाने भरलेला होता. पडदे होते, पण अर्ध्यावर अडकायचे. वर्गाच्या बाईंनी छोटं भाषण केलं. पहिल्या आजोबांनी पहिलं कडवं दोनदा म्हटलं, पुढच्या दोघींनी मिळून एक गाणं पार पाडलं. मावशी मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात अशी बसली होती. शिलाईवाली सारखी वळून तिच्याकडे बघत होती, या बाईला बरं नाही की काय.

चौथे मीटरकाका. स्टँडवर कागद ठेवला, पेटीवाल्याने सुरुवात वाजवायला घेतली. काकांचा हात वरच्या खिशाकडे गेला, मग डाव्या, मग उजव्या. मग थांबला. त्यांनी मान वर केली, तिसऱ्या रांगेत नजर लावली, आणि त्यांचे ओठ हलले. सगळ्या हॉलमध्ये ते एकाच माणसाला कळलं.

“चष्मा.”

काकांना लांबचं लख्ख दिसतं. जवळचं मात्र चष्म्याशिवाय काही म्हणजे काही दिसत नाही, कागद म्हणजे त्यांना पांढरा रुमाल. मावशीने पर्स उघडली. किल्ल्यांच्या खाली चष्म्याचं घर होतं. शर्टाच्या खिशातून तिनेच काढलेलं, तिनेच ठेवलेलं, आणि तिनेच विसरलेलं.

तिचे पाय उठायला निघाले. पण मधली वाट लांब होती, माणसं गच्च बसली होती, आणि पेटीवाल्याची सुरुवात संपत आली होती. भर कार्यक्रमात बायको चष्मा घेऊन स्टेजवर चढते, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि ती खाली बसली. आवाज काढायचा नव्हता. गिरणीत तरी कुठे काढत होतो, असं काहीसं तिच्या मनात आलं. तिने पर्स बंद केली, ताठ बसली, आणि मागखात्यात मुकादमाच्या पाठीमागे बोलायची तसे मोठे, सावकाश ओठ हलवले. पहिली ओळ.

काकांनी ती उचलली.

ती एक ओळ पुढे, काका एक ओळ मागे. नदी आली, नदीवरची होडी आली, काठावरचं झाड आलं. काकांची नजर तिच्या तोंडावरून क्षणभर हलली नाही. दुसरं कडवं सुरू झालं. पाखरं परतायला लागली. शिलाईवालीने एकदा स्टेजकडे बघितलं, एकदा मावशीकडे बघितलं, आणि स्वतःच लाजून पदर सारखा केला.

दुसरं कडवं संपलं, पेटी वाजत राहिली, आणि मावशीचे ओठ थांबले. पुढचं तिच्याकडे काहीच नव्हतं. तिने मान हलवली, अगदी थोडी. काकांना कळलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला, हे तिला तिसऱ्या रांगेतून दिसलं. बावीस वर्षांपूर्वी तोंड उघडून त्यांचं गाणं बंद पाडलं, आणि आता तोंड मिटून पाडतेय, असं तिला वाटलं. करण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा तिने जे नेहमी करते तेच केलं. पर्सवर हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि देवाला म्हणाली, आता तू सांग त्यांना, मला माहीत नाही.

डोळे मिटल्यामुळे तिला काहीच दिसेना. बघायला ओठ नाहीत, चेहरे नाहीत. उरले फक्त कान, ते बिचारे उशीखालचे. आणि त्या उशीतून, लांबून आल्यासारखा, एक आवाज आला. जरा बसका, जरा खरखरीत, पण सरळ. तो थोडा थांबला, मग वर चढला, वरच्या जागेला किंचित थरथरला आणि तिथे टिकला. मावशीने कान टवकारले. शब्द तिला फारसे कळले नाहीत. कुणीतरी कुणाची तरी दारात वाट बघत होतं, एवढं कळलं. पण आवाज तिने पूर्ण ऐकला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि आपला नवरा गाताना असा ऐकू येतो हे तिला आत्ता कळत होतं. ती डोळे उघडेना. उघडले तर पुन्हा बघायला लागेन, अशी तिला भीती वाटली.

टाळ्या पडल्या तेव्हाच तिने डोळे उघडले. काकांचेही तेव्हाच उघडत होते.

वर्गाच्या बाई माइकवर आल्या. म्हणाल्या, आज यांनी आपल्याला शिकवलं. कागद समोर असून एकदाही खाली बघितलं नाही. दोन कडवी एकाच ठिकाणी नजर ठेवून म्हटली, आणि तिसरं डोळे मिटून, स्वतःत बुडून. भाव म्हणतात तो हा.

हॉलच्या दाराशी शिलाईवालीने मावशीचा हात धरला. “काय नशीब हो तुमचं. अख्खं गाणं तुमच्याकडे बघत गायले. आमच्याकडे तर जेवण वाढताना सुद्धा टीव्हीकडे बघतात.” आजूबाजूच्या चारपाच बाया थांबल्या. सगळ्या मावशीच्या तोंडाकडे बघायला लागल्या. भोंगा आता होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशीने तोंड उघडलं. खरं ते खरं, आणि ते खरं पर्समध्ये किल्ल्यांच्या खाली पडलं होतं. गंमतही अशी, की सांगितली असती तर बाया महिनाभर हसल्या असत्या. घोळक्याच्या मागे, दाराच्या चौकटीत काका उभे होते. ते तिला थांबवत नव्हते. नुसते बघत होते. शेवटची पायरी अजून दूर होती, पण ती शपथेमुळे थांबली असं नाही. तिने तोंड मिटलं, शिलाईवालीच्या हातावर थोपटलं, आणि जरा लाजल्यासारखं केलं. बायांना तेच हवं होतं.

पायऱ्या उतरून दोघं रस्त्याला लागले. मग काकांनी हात पुढे केला आणि मावशीने चष्म्याचं घर त्यावर ठेवलं.

“कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

काकांनी चष्मा चढवला, खिशातून कागद काढला आणि चालता चालता वाचायला लागले. वाचता वाचता थांबले. “तिसऱ्या कडव्यात मी दोन ओळी उलट्यापालट्या म्हटल्या की गं.”

“मला नाही कळलं. माझे डोळे मिटलेले होते.”

“मग तू काय केलंस?”

“ऐकलं,” मावशी म्हणाली.

काकांनी कागदाची घडी घातली. ती पुन्हा उघडली, पुन्हा घातली. शिलाईवाली मागून येत होती आणि तिचे कान चांगले होते, म्हणून मावशीने वळून काकांकडे तोंड केलं आणि आवाज न काढता, सावकाश ओठ हलवले. पुन्हा म्हणा.

काकांनी मागे बघितलं, पुढे बघितलं, घसा साफ केला. मग चालता चालताच तिसरं कडवं म्हणायला लागले, या वेळी ओळी सरळ क्रमाने, आणि इतक्या हळू आवाजात, की ऐकू यावं म्हणून मावशीला घरापर्यंत त्यांच्या खांद्याला खांदा लावून चालावं लागलं.